साक्षीची भाषा, कोर्टाची भाषा : बेळगाव प्रांतातील न्यायदानाचा भाषिक इतिहास

सीमाप्रश्नावर लिहिताना आपण शाळा, गावांचे फलक, मतदारयाद्या आणि जमिनीचे उतारे यांविषयी पुष्कळ लिहिले. कोर्टाविषयी फार थोडे लिहिले. शाळा बंद पडली तर सारे गाव जमते. एखाद्या साक्षीदाराची जबानी चुकीची लिहिली गेली तर त्याच्यासाठी मोर्चा निघत नाही, कारण कोर्टाची पायरी माणूस एकटाच चढतो. शिवाय कोर्टाची भाषा ही वकिलांनी पाहावयाची बाब, अशी आपली एक समजूत आहे. ती खरी नाही. हायकोर्टात आणि सर्वोच्च न्यायालयात वकील बोलतात. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टात मात्र साक्षीदार बोलतो, आणि तो जे बोलला म्हणून कागदावर येते त्याच्याच आधारावर पुढची सगळी अपिले चालतात. म्हणून बेळगाव प्रांतातील या खालच्या कोर्टांची भाषा कोणी ठरवली आणि कशी ठरवली, हे एकदा सलगपणे पाहणे आम्हांस आवश्यक वाटते.

इंग्रजी अंमलापूर्वी या मुलखात तंटा निवडण्याची मुख्य जागा म्हणजे गोतसभा किंवा मजालस. वतनाचा, बांधाचा, वडिलकीच्या मानाचा तंटा उभा राहिला की गावचे पाटील-कुलकर्णी, बलुतेदार, शेजारगावचे वतनदार आणि परगण्याचे देसाई-देशपांडे एकत्र बसत. दोन्ही पक्षांच्या तकरिरी, म्हणजे तोंडी निवेदने, लिहून घेतल्या जात. साक्षीपुरावा होई; तो अपुरा पडला तर क्वचित दिव्यापर्यंत गोष्ट जाई. निवाड्याचा कागद म्हणजे महजर. त्यावर बसलेल्या सर्वांची नावे आणि ज्यांना लिहिता येत नसे त्यांच्या निशाण्या असत: पाटलाचा नांगर, वाण्याची तागडी. जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरावयाची, हरणाऱ्याने गुन्हेगारी. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील ग्रंथात या सगळ्या व्यवहाराची तपशीलवार मांडणी आहे.

या पद्धतीचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. गोतसभेत बसणारे बहुतेक स्वतःच हितसंबंधी असत, जातीची उतरंड तेथेही होतीच, आणि उकळत्या तुपात हात घालून कोणी खरा ठरत नसतो. आमचा मुद्दा एवढाच की जो बोलत होता आणि जो लिहीत होता, ते एकाच भाषेचे होते. लिहिणाऱ्याने चूक केली तर ती ओळखणारे पंधरावीस लोक त्याच जाजमावर बसलेले असत.

वरच्या सत्तेची भाषा वेगळी असणे हेही येथे नवे नाही. बेळगाव आदिलशाहीत असताना फारसी दरबारची भाषा होती, पण प्रजेशी संबंध येई तेथे फारसी मजकुराखाली त्याचा मराठी तर्जुमा मोडीत लिहिण्याची रीत होती. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने महसुली हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत ठेवण्याचा हुकूम दिला असे फिरिश्ता सांगतो, आणि ही देशी भाषा म्हणजे प्रामुख्याने मराठी असा अर्थ इतिहासकार लावतात. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीच्या सुलतानी कारकुनाला एका कागदावर दोन भाषा लिहिणे अवघड गेले नाही, हे आजच्या कचेरीत सांगावेसे वाटते. पुढे शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी राजव्यवहारकोश रचला आणि फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरी कोर्टाची फारसी काही हटली नाही. फिर्याद, वकील, जामीन, जप्ती, हुकूम, पंचनामा हे शब्द मराठीने ठेवले, आणि कन्नडनेही ठेवले. बेळगावच्या कोर्टाच्या आवारात मराठी आणि कन्नड पक्षकार आजही यातल्या बहुतेक शब्दांवर एकमेकांना अडत नाहीत. भाषांतराची अडचण या शब्दांत नाही. ती कोठे आहे ते पुढे येईल.

१८१८ च्या एप्रिलमध्ये जनरल मन्रोच्या फौजेने बेळगावचा किल्ला घेतला आणि हा मुलूख कंपनीच्या हाती गेला. दख्खनचे कमिशनर एल्फिन्स्टन यांचे आरंभीचे धोरण पंचायती शक्य तितक्या टिकवण्याचे होते. तिचे दोष त्यांना दिसत होते: दिरंगाई, वशिला, निवाड्याची अंमलबजावणी न होणे. तरीही लोकांना समजणारी व्यवस्था एकाएकी मोडू नये, असे त्यांनी १८१९ च्या आपल्या अहवालात मांडले. पण १८२७ साली मुंबई सरकारचे जे कायदे, म्हणजे रेग्युलेशने, त्यांच्याच कारकिर्दीत झाली, त्यांनी जिल्हा कोर्टांची शिडी उभी केली आणि पंचायत हळूहळू कोपऱ्यात गेली. त्यांतील चौथ्या रेग्युलेशनचे एक कलम लक्षात ठेवण्याजोगे आहे. दिवाणी दाव्यात आधी पार्लमेंटचा व सरकारचा कायदा पाहावा. तो नसेल तर मुलखाचा रिवाज. रिवाजही नसेल तर प्रतिवादीचा कायदा. आणि तोही नसेल तर न्यायबुद्धी. रिवाजाला असे मानाचे स्थान मिळाले, पण रिवाज काय आहे हे सांगावयाचे कोणी? साक्षीदारानेच, आपल्या भाषेत. म्हणजे भाषेचा प्रश्न त्या कलमातच दडलेला होता.

येथे आम्हांस एक गोष्ट मोकळेपणाने लिहिली पाहिजे, कारण ती आपल्या लेखांत सहसा येत नाही. पेशवाईच्या अंमलामुळे धारवाडकडच्या कन्नड मुलखातही सरकारी दप्तर मराठीत, मोडीत, चालत होते, आणि कंपनीने आरंभी तेच पुढे चालवले. कन्नड रयतेला आपल्याच गावच्या कचेरीतला कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. वॉल्टर एलियटसारख्या अधिकाऱ्यांनी ही विसंगती ओळखली आणि कन्नडचा पुरस्कार केला. एकोणिसाव्या शतकात त्या भागातील कारभार आणि शाळा क्रमाने कन्नडकडे वळल्या. तो बदल योग्यच होता. कन्नड अभिमानी मंडळी या इतिहासाची आठवण काढतात तेव्हा आपण चिडतो. चिडण्याचे कारण नाही. ज्या न्यायाने धारवाडच्या शेतकऱ्याला कन्नड कागद मिळाला, त्याच न्यायाने खानापूरच्या शेतकऱ्याला मराठी कागद मिळावा, एवढेच आपले म्हणणे आहे. १८३६ साली धारवाडपासून वेगळा होऊन बेळगाव जिल्हा झाला, तो या दोन्ही भाषांचा जिल्हा म्हणूनच. मुंबई इलाख्यात असेपर्यंत येथील कोर्टांत मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांचे कागद येत.

कोर्टाची भाषा म्हणजे कायद्याच्या दृष्टीने काय, हे ठरले ते पुढच्या संहितांनी. १८९८ च्या फौजदारी संहितेच्या कलम ५५८ ने हायकोर्टाखालच्या कोर्टांची भाषा ठरवण्याचा अधिकार प्रांतिक सरकारला दिला. १९०८ च्या दिवाणी संहितेचे कलम १३७ आजही लागू आहे: संहिता सुरू होताना ज्या कोर्टाची जी भाषा असेल तीच पुढे चालू राहील, मात्र राज्य सरकारला ती बदलता येईल आणि लिपीही ठरवता येईल. हा अधिकार न्यायाधीशाचा नाही, विधिमंडळाचाही नाही. तो मंत्रालयातील एका अधिसूचनेचा आहे. महाराष्ट्राने याच अधिकारात १९९८ साली आपल्या जिल्हा व तालुका कोर्टांची भाषा मराठी केली.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाने किती प्रकारच्या कोर्टभाषा पाहिल्या याची गणना करू गेल्यास चित्र मोठे विचित्र दिसते. निजामाच्या राज्यात मराठवाड्याचे आणि बिदरकडचे शेतकरी १९४८ पर्यंत उर्दू कोर्टात उभे राहत. पटवाऱ्याचे दप्तर मराठी आणि निकाल, थेट हायकोर्टापर्यंत, उर्दू. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज. बडोद्यात प्रकार उलटा: राजा मराठी, प्रजा गुजराती, आणि सयाजीराव महाराजांनी कायदे व कोर्टाचा व्यवहार प्रजेच्या गुजरातीत नेला. १९३१ साली तेथून निघालेला सयाजीशासनशब्दकल्पतरू हा कोश राज्यकारभाराच्या आणि कायद्याच्या संज्ञा एका ओळीत आठ भाषांत मांडतो. सत्ता आपल्या हातात असताना दुसऱ्याच्या भाषेची सोय करणारे मराठी राज्य होऊन गेले आहे, ही गोष्ट सीमाभागातील वादात आपण पुरेशी वापरत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्या दिवशी कलम १३७ मधील एक अक्षरही बदलले नाही. त्यातील ‘राज्य सरकार’ या दोन शब्दांचा अर्थ तेवढा मुंबईऐवजी बंगळूर असा झाला. चंदगडचा पक्षकार कोल्हापूर जिल्ह्याच्या कोर्टात जाऊ लागला आणि त्याचा बेळगाव तालुक्यातील भाऊबंद आपल्या जुन्याच कोर्टात राहिला. पण एकाच घराण्याच्या वाटणीचे दोन दावे आता दोन भाषांत चालू लागले. अपिलासाठी मुंबईचे हायकोर्ट सुटले आणि सुमारे ५०० किलोमीटरवरचे बंगळूर आले. धारवाडला हायकोर्टाचे फिरते खंडपीठ येण्यासाठी २००८ साल उजाडावे लागले. तोवर जिल्हा कोर्टात हरलेल्या गरीब पक्षकारासाठी निकाल बहुधा तेथेच संपत असे, आणि म्हणूनच जिल्हा कोर्टात काय लिहिले गेले याला एवढे महत्त्व.

आता भाषांतराकडे वळू. मराठी आणि कन्नड शतकानुशतके शेजारी राहिल्या, शब्द देत-घेत राहिल्या. त्यामुळे एकीतून दुसरीत नेणे सोपे, असे वाटते. परंतु कोर्टात नेमके जे शब्द निर्णायक ठरतात तेथेच या दोन भाषा वेगळ्या वागतात. ‘त्याने मारले’ हे वाक्य घ्या. मराठीत मारणे म्हणजे चोप देणेही होते आणि जीव घेणेही. पोराला मारले आणि साप मारला यांत क्रियापद एकच. कन्नडमध्ये पहिल्यासाठी ‘होडे’ आणि दुसऱ्यासाठी ‘कोल्लु’ असे दोन निराळे धातू आहेत. जबानी लिहिणाऱ्याला दोहोंपैकी एक निवडावाच लागतो. साक्षीदाराच्या मनात जे संदिग्ध नव्हते, आणि मराठी ऐकणाऱ्याला संदर्भाने स्पष्ट होते, ते कागदावर लिहिणाऱ्याच्या समजुतीनुसार दुखापत होते किंवा खून.

‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचेही तसेच. मराठी माणूस ‘आपण गेलो होतो’ म्हणतो तेव्हा समोरच्यालाही त्यात धरतो. ‘आम्ही गेलो होतो’ म्हणतो तेव्हा त्याला बाहेर ठेवतो. आजच्या कन्नडमध्ये दोहोंसाठी ‘नावु’ हा एकच शब्द. दोन आरोपींमधील बोलणे ज्याने ऐकले त्या साक्षीदाराने ‘आपण करू’ सांगितले की ‘आम्ही करू’, यावर कटाचा आरोप कोणावर लागतो ते अवलंबून असू शकते, आणि भाषांतरात तो फरक नाहीसा होतो. वारसाच्या दाव्यात उलटी अडचण: मराठीतला चुलता वडिलांहून थोरलाही असतो, धाकटाही, कन्नडला थोरला असेल तर दोड्डप्प, धाकटा असेल तर चिक्कप्प असे ठरवावे लागते. साक्षीदाराने न सांगितलेली गोष्ट कागदावर येते आणि उलटतपासात तोच खोटा पडतो. मामा कन्नडमध्ये ‘माव’ झाला की तो आईचा भाऊ की सासरा, हे पुन्हा विचारावे लागते. विचारले जाईलच असे नाही.

सगळ्यांत फसवा शब्द म्हणजे ‘वहिवाट’. जमिनीच्या दाव्यात मराठी शेतकरी ‘वहिवाट आमची आहे’ म्हणतो, म्हणजे कसणे, उपभोगणे, ताबा. हाच शब्द कन्नडने घेतला, परंतु आजच्या वर्तमानपत्री कन्नडमध्ये ‘वहिवाटु’ म्हणजे व्यापार, देवघेव. उत्तर कर्नाटकातील जुन्या वकिलांना त्याचा ताब्याचा अर्थ ठाऊक असतो, त्यांच्या दाव्यांत तो येतोही. म्हैसूरकडून बदलून आलेल्या नव्या न्यायाधीशाच्या कानाला मात्र तो वेगळा लागू शकतो. जो शब्द दोन्ही भाषांत सारखा, त्याचे भाषांतर कोणी करीत नाही, आणि तेथेच घोटाळा होतो.

फौजदारी खटल्यात ही घसरण एकदा नव्हे, दोनदा होते. फिर्यादी ठाण्यात मराठीत सांगतो, हवालदार कन्नडमध्ये लिहितो. तपासात साक्षीदारांचे जबाब याच रीतीने नोंदले जातात. वर्षांनी खटला उभा राहतो तेव्हा तोच साक्षीदार पिंजऱ्यात पुन्हा मराठीत सांगतो आणि ते पुन्हा, दुसऱ्या माणसाकडून, कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत उतरते. मग बचावाचा वकील दोन्ही कागद समोर ठेवून विचारतो की पोलिसांपुढे एक आणि येथे दुसरे कसे? साक्षीदाराने दोन्ही वेळा एकच वाक्य उच्चारलेले असते. विसंगती दोन भाषांतरांतील असते. लाभ कधी आरोपीला होतो, कधी होत नाही, पण सत्याला तो कधीच होत नाही.

येथे सरकारी वकिलाची जबाबदारी येते, आणि तिचाही इतिहास थोडा पाहण्याजोगा आहे. पूर्वी मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात खटला चालवणारा बहुधा पोलीस खात्याचाच प्रॉसिक्यूटर असे. तपास करणाऱ्यानेच खटला चालवू नये, हे तत्त्व १९५८ च्या विधी आयोगाच्या अहवालाने ठामपणे मांडले, आणि १९७३ च्या फौजदारी संहितेने सरकारी वकिलाच्या नेमणुकीसाठी जिल्हाधिकाऱ्याने सत्र न्यायाधीशाच्या सल्ल्याने नावांची यादी करावी, त्या वकिलाची किमान सात वर्षे वकिली झालेली असावी, अशा अटी घातल्या. मुंबई राज्याने तर १९५१ च्याच कायद्याने न्यायखाते कारभारी खात्यापासून वेगळे केले होते, तेव्हा बेळगाव त्याच राज्यात होते. पात्रतेच्या या सगळ्या अटींत एक अट कोठेच नाही: ज्या जिल्ह्यातील साक्षीदार तपासावयाचे त्या जिल्ह्यातील लोकांची भाषा येणे. सरकारी वकील फिर्यादीच्या बाजूचा भाडोत्री नव्हे, तो कोर्टाला सत्य शोधण्यास साह्य करणारा अधिकारी, असे न्यायालये वारंवार सांगतात. ज्याला साक्षीदाराचे ‘मारले’ कळत नाही त्याने हे साह्य कसे करावे? बेळगाव, खानापूर, निपाणी येथील जुन्या सरकारी वकिलांना दोन्ही भाषा घरच्यासारख्या येत, आणि आजही अनेकांना येतात. पण तो योगायोग आहे, नियम नव्हे.

कायद्यात उपाय नाहीत असे मात्र म्हणता येणार नाही. १९७३ च्या संहितेचे कलम २७७, आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३१२, असे सांगते की साक्षीदार कोर्टाच्या भाषेहून वेगळ्या भाषेत बोलला तर शक्य असल्यास त्याच भाषेत साक्ष लिहावी. शक्य नसल्यास साक्ष चालू असतानाच तिचा खरा तर्जुमा कोर्टाच्या भाषेत करून न्यायाधीशाने त्यावर सही करावी. सगळे अडते ते ‘शक्य असल्यास’ या दोन शब्दांवर. मराठी टंकलेखक नाही, म्हणून शक्य नाही. टंकलेखक का नाही, हा प्रश्न त्या खोलीत विचारता येत नाही.

भाषेच्या बाबतीत वरचे न्यायालय उदासीन आहे, असेही नाही. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयासमोर हरिकिशन विरुद्ध महाराष्ट्र राज्य हे प्रकरण आले. स्थानबद्ध केलेल्या नागपूरच्या एका माणसाला कारणे इंग्रजीत दिली होती. मला इंग्रजी येत नाही, हिंदीत द्या, ही त्याची मागणी सरकारने नाकारली होती. अधिकाऱ्याने तोंडी समजावून सांगितले हे पुरेसे नाही, त्याला समजेल अशा भाषेत आणि लिपीत लेखी मिळाले पाहिजे, असे म्हणून न्यायालयाने त्याची सुटका केली. येथे दोषी ठरलेले सरकार महाराष्ट्राचे होते, हे आम्ही मुद्दाम नोंदवतो.

साक्षीदारासाठी यापेक्षाही जवळचे हत्यार एका दुर्लक्षित कलमात आहे. साक्ष संपली की ती साक्षीदाराला वाचून दाखवावी, ती त्याला न समजणाऱ्या भाषेत लिहिली असेल तर ज्या भाषेत त्याने दिली त्या भाषेत समजावून सांगावी, आणि आवश्यक तेथे दुरुस्त करावी. १८९८ च्या संहितेत हे कलम ३६० होते, १९७३ च्या संहितेत २७८ झाले, नव्या संहितेत ते ३१३ आहे. दिवाणी दाव्यांसाठी हीच तरतूद १८ व्या आदेशाच्या सहाव्या नियमात आहे. प्रत्यक्षात काय होते ते आपणांपैकी ज्यांनी ज्यांनी साक्ष दिली आहे ते जाणतात. कागद पुढे सरकतो, शिरस्तेदार बोटाने जागा दाखवतो, मागे दुसऱ्या खटल्याचा पुकारा झालेला असतो, आणि न वाचलेल्या मजकुराखाली सही होते. अब्दुल रहमान प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने ठरवले की साक्ष रीतसर वाचून न दाखवल्याने तेवढ्यावरून खटला रद्द होत नाही. त्यामुळे अन्याय झाला असे दाखवावे लागते. म्हणजे नंतर तक्रार करून फारसे हाती लागत नाही, जे म्हणावयाचे ते त्याच वेळी म्हटले पाहिजे.

त्या वेळी काय म्हणावे, हे आम्ही गावोगावच्या बैठकांत सांगू लागलो आहोत. सहीपूर्वी न्यायाधीशांना हात जोडून सांगावे: साहेब, मी मराठीत बोललो, मला हे मराठीत समजावून सांगा. एखादा शब्द चुकला असेल तर तो शब्द दाखवावा. न्यायाधीशांना दुरुस्ती मान्य नसेल तर त्याच कलमाने त्यांना साक्षीदाराचा आक्षेप टिपणाच्या रूपाने नोंदवता येतो, आणि तो कागद दप्तरात राहतो. धारवाडच्या खंडपीठापुढे अपील गेले तर तोही कागद बरोबर जातो.